बायपास फॅट सुरू करण्याआधी गव्हाणीत काय पडतंय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नगर जिल्ह्यातले एक शेतकरी लिहितात: "मॅडम, माझी एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) गाय दुसऱ्या वेताची, व्यायला 24 दिवस झालेत. दोन्ही वेळचं मिळून 26 लिटर दूध देते. डेअरीवर फॅट 3.1 आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) 8.3 लागतोय, त्यामुळे भाव कापला जातो. गाय अंगानं खूप उतरली आहे. आंबोण दिवसाला गोळी पेंड 7 किलो, मका भरडा 3 किलो, सरकी पेंड 2 किलो, हे सगळं धारेच्या वेळी दोनदा. वैरणीला मुरघास (मुरवलेला हिरवा चारा) 12 किलो आणि उसाचं वाढं (उसाचे हिरवे शेंडे) 8 किलो. दुकानदार म्हणतो बायपास फॅट चालू करा, फॅट लगेच वाढेल. शेजारी म्हणतो पाव लिटर गोडेतेल घाला, तेच काम होतं. काय करू? दुसरी गाय महिन्याभरात व्यायची आहे, तिला आधीपासून द्यावं का?"

दादा, तुम्ही वजनं मापून लिहिलीत हे फार बरं केलंत. "पाटीभर वैरण, घमेलंभर पेंड" असं कळवलं तर मला काहीच सांगता येत नाही. तुमच्या आकड्यांवरून सांगते: या गाईला बायपास फॅटचा (पोटाच्या पहिल्या कप्प्यात न फुटता पुढं आतड्यात शोषल्या जाणाऱ्या फॅटच्या पावडरीचा) उपयोग होईल, पण आज नाही. आज दिलंत तर पैसे शेणात जातील. आधी आठ-दहा दिवस वैरण-आंबोणाचा मेळ बसवा, मग पावडर सुरू करा. आणि गोडेतेल अजिबात नको.

आता का ते सांगते, कारण हे कळलं की पुढच्या प्रत्येक गाईला तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

दुधातलं फॅट कुठून येतं? अंदाजे निम्मं फॅट कास स्वतः तयार करते, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे वैरण. कोटीपोटातले (गाईच्या पोटाच्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले) जिवाणू वैरणीतला तंतू कुजवून ॲसेटिक आम्ल बनवतात. ते रक्तातून कासेत जातं आणि तिथं त्याचं फॅट होतं. उरलेलं निम्मं रक्तातल्या तयार फॅटमधून येतं, म्हणजे गाईनं खाल्लेल्या फॅटमधून नाहीतर तिच्या अंगावरच्या चरबीतून. बायपास फॅट फक्त या दुसऱ्या अर्ध्या भागाला हातभार लावतं. वैरणीचा अर्धा भाग पडलेला असेल तर पावडरीनं तो उभा राहत नाही.

तुमच्या गाईचा हिशोब करू. 12 किलो आंबोणातून पाणी वजा केलं तर साधारण पावणेअकरा किलो सुकं खाद्य पडतं. 12 किलो मुरघासात जेमतेम साडेतीन किलो आणि 8 किलो वाढ्यात सव्वादोन किलोच्या आसपास. म्हणजे गाय रोज साडेसोळा किलो सुकं खाते आणि त्यात वैरणीचा वाटा आहे 35 टक्के. हा वाटा 45 ते 50 टक्के असायला हवा, आणि 40 च्या खाली तर जाऊच नये. वर ते 12 किलो आंबोण दोनच वेळा पडतं, म्हणजे एका बैठकीला सहा किलो. सहा किलो पेंड-भरडा एकदम कोटीपोटात पडला की तास-दोन तासांत तिथं आम्ल वाढतं. तंतू कुजवणारे जिवाणू दबतात, रवंथ कमी होतो आणि फॅट पडतं. तुमच्या 3.1 चं कारण माझ्या मते हेच आहे.

एक गोष्ट मात्र आधी तपासा: धार पूर्ण निघते का? शेवटच्या धारांमध्ये फॅट सगळ्यात जास्त असतं. मशीन घाईनं काढलं तर तेच दूध कासेत राहतं. कॅनमधलं दूध न ढवळता वरून किंवा तळातून नमुना घेतला तरी आकडा चुकतो. हे दोन्ही ठीक असेल तर गव्हाणीकडे वळा.

घरच्या घरी खात्री करायची सोपी रीत आहे. दुपारी गाय निवांत बसलेली असताना बघा. बसलेल्या दहा गाईंपैकी सहा-सात तरी रवंथ करत असायला हव्यात, आणि एका घासाला पन्नास-साठ वेळा जबडा फिरायला हवा. मग मूठभर ताजं शेण घरातल्या जुन्या चाळणीत घ्या आणि नळाखाली पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. चाळणीत मक्याचे पिवळे कण आणि बोटाच्या पेरापेक्षा लांब काड्या उरल्या तर खाद्य न पचता चाललंय असं समजा. शेणात बुडबुडे असतील किंवा शेवाळासारखा चिकट पापुद्रा दिसत असेल तर आम्लाचा त्रास नक्की आहे. तुम्ही ही चाळणी एकदा धुवून बघाच. मी गोठ्यात गेले की फॅटचा कागद नंतर बघते, आधी शेण धुते.

याचा बायपास फॅटशी थेट संबंध आहे, आणि हेच दुकानात कुणी सांगत नाही. आपल्याकडे मिळणारी बहुतेक पावडर म्हणजे पाम तेलातल्या फॅटी ॲसिडला कॅल्शियम जोडून केलेला एक प्रकारचा साबण. चांगल्या मालात फॅट 84 टक्क्यांच्या आसपास आणि कॅल्शियम 9 टक्क्यांच्या आसपास असतं. कोटीपोटाचा सामू (पीएच, आम्ल वाढलं की हा आकडा उतरतो) सहाच्या वर असेल तोवर हा साबण तिथं फुटत नाही. तो पुढं चौथ्या कप्प्यात जातो, तिथल्या कडक आम्लात फुटतो आणि फॅट आतड्यात शोषलं जातं. म्हणून त्याला बायपास म्हणायचं. पण कोटीपोटातच आम्ल झालेलं असेल तर साबण तिथंच सुटायला लागतो. मग बायपास कसलं? महागाचं तेल ओतल्यासारखंच झालं.

आता शेजाऱ्यांच्या गोडेतेलाबद्दल. पोटफुगीत आपण गाईला तेल पाजतो आणि त्यानं फेस मोडतो, ते योग्यच आहे. तो एका वेळचा उपचार आहे. रोज आंबोणात तेल घालणं ही वेगळी गोष्ट. मोकळं तेल वैरणीच्या तंतूवर पसरतं, जिवाणूंना तिथं चिकटता येत नाही, आणि शेंगदाणा, सोयाबीन, करडई या तेलांतले असंतृप्त घटक तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना सरळ मारक ठरतात. शिवाय कोटीपोटात आम्ल असताना या तेलापासून असे काही घटक तयार होतात की ते कासेतलं फॅट बनवणंच थांबवतात. तेल पाजून फॅट खाली येतं ते असं. काही वर्षांपूर्वी चौदा गाईंच्या एका गोठ्यात मी हे डोळ्यांनी पाहिलं. मालकानं मोठ्या हौसेनं प्रत्येक गाईला रोज पाव लिटरच्या वर तेल चालू केलं होतं. पाचव्या-सहाव्या दिवशी मला बोलावलं तेव्हा शेण ताकासारखं पातळ, वर चकाकी, गव्हाणीत अर्धा मुरघास तसाच पडलेला. फॅट 3.4 वरून 2.7 वर आलं होतं. बसलेल्या गाईंपैकी तिघीच रवंथ करत होत्या. तेल बंद केलं, कडबा वाढवला, आणि गाडी रुळावर यायला दोन आठवडे गेले.

एकूण खाद्यातलं फॅट सुक्या वजनाच्या सहा-सात टक्क्यांपलीकडे नेऊ नये. आपल्या साध्या खाद्यात तीन-साडेतीन टक्के असतंच. तुमच्या गाईच्या पोटात आत्ताच रोज पाचशे-सहाशे ग्रॅम फॅट जातंय. घाण्याच्या सरकी पेंडीत सहा-सात टक्के तेल असतं, तेही यात आलं. कुणी अख्खी सरकी घालत असेल तर किलोमागं 180 ते 200 ग्रॅम तेल मोजावं. सरकीतलं तेल तिच्या तंतूआड हळूहळू सुटतं म्हणून दीड-दोन किलोपर्यंत चालतं, पण ती चालू असताना त्यावर पुन्हा पावडरीचा मारा नको.

तर आजपासून काय बदलायचं ते सांगते. गोळी पेंड 6 किलो करा, मका भरडा 3 वरून दीड किलोवर आणा, सरकी पेंड 2 किलो राहू द्या. मुरघास हळूहळू 18 ते 20 किलोपर्यंत न्या. ज्वारीचा कडबा दीड किलो रोज, पण दोन-तीन बोटं लांबीची कुट्टी करून. पीठ केलेली कुट्टी रवंथाला उपयोगाची नाही. तुमच्याकडे घास (लसूणघास) असेल तर चार-पाच किलो, आदल्या दिवशी कापून थोडा सुकवलेला. वाढं कमी करत बंदच करा. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि 26 लिटर देणाऱ्या गाईला नेमकी कॅल्शियमचीच चणचण असते. आंबोण दोनाऐवजी चार वेळा विभागा किंवा मुरघासात कालवून द्या. खाण्याचा सोडा रोज 100 ते 150 ग्रॅम आंबोणात मिसळा. पाणी चोवीस तास पुढ्यात हवं. बदल एका दिवसात करू नका, पाच-सहा दिवस घ्या. एवढं केलं की सुकं खाद्य सतरा किलोच्या आसपास पोचेल आणि वैरणीचा वाटा निम्म्याला टेकेल. बहुतेक गाईंचं फॅट एवढ्यावरच तीन-चार पॉइंट (म्हणजे 0.3-0.4) वर येतं, एक रुपयाची पावडर न घालता.

मग पावडर कशासाठी? गाईच्या अंगासाठी. तुमच्या प्रश्नात तुम्ही फॅटवर तीन ओळी लिहिल्यात आणि "अंगानं खूप उतरली आहे" हे एका ओळीत उरकलंत. मला काळजी त्या एका ओळीची वाटते.

व्याल्यानंतर दूध सहाव्या ते आठव्या आठवड्यात शिखरावर जातं, पण गाईची भूक शिखरावर पोचायला दहा-बारा आठवडे लागतात. मधल्या काळात ती खाते त्यापेक्षा जास्त देते, आणि तूट अंगावरच्या चरबीतून भरते. साडेपाचशे किलोच्या गाईला स्वतःसाठी दिवसाला साधारण 9 मेगाकॅलरी ऊर्जा लागते आणि 3.5 फॅटच्या प्रत्येक लिटरला 0.7 च्या आसपास. 26 लिटरला 18 धरा. झाले 27. तुमच्या गाईला आत्ताच्या खाद्यातून, नीट पचलं तरी, 23-24 मिळत असतील. रोज तीन-चार मेगाकॅलरी ती अंगातून काढतेय. 200 ग्रॅम बायपास फॅटमधून मिळते साधारण 1 मेगाकॅलरी. म्हणजे तुटीचा चौथा-तिसरा हिस्सा. चमत्कार नाही, पण ज्या गाईला आणखी पेंड घालायची सोय उरलेली नाही तिला हा आधार मोठा आहे. आंबोण वाढवलं तर आम्ल वाढतं, फॅटमध्ये मात्र धान्याच्या सव्वादोन पट ऊर्जा थोड्या जागेत मावते. उन्हाळ्यात तर याचा आणखी एक फायदा आहे, कारण फॅट पचताना अंगात उष्णता कमी तयार होते. एप्रिल-मे महिन्यात धापा टाकणाऱ्या, वैरण कमी खाणाऱ्या गाईंना मी म्हणूनच देते.

अंग किती उतरलंय ते हातानं बघायला शिका. कमरेच्या आडव्या हाडांवर तळहात ठेवा. टोकं बोटांना टोचत असतील, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खोल खड्डा पडला असेल, तर गाय फार खचली आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर व्याताना गाय सव्वातीन ते साडेतीनची असावी आणि नंतर अर्ध्या गुणापेक्षा जास्त उतरू नये. याहून जास्त उतरलेली गाय वेळेवर माजावर येत नाही, आली तर भरवल्यावर उलटते. मग शेतकरी सिमेनला दोष देतो. एक रिकामा माज म्हणजे एकवीस दिवसांचं खाद्य, त्या हिशोबापुढं फॅटचे दोन पॉइंट काहीच नाहीत.

आणखी एक इशारा. व्याल्यावर पहिल्या महिन्यात एखाद्या गाईचं फॅट अचानक 5 लागायला लागलं की घरात आनंद होतो. ते फॅट अनेकदा तिच्या अंगावरचं वितळून आलेलं असतं. अशी गाय आंबोण सोडून फक्त वैरण चघळत असेल, तोंडाला गोडसर उग्र वास येत असेल, तर तो किटोसिस आहे. त्या दिवशी डॉक्टर बोलवा. तिला साखरेची गरज आहे, आणि बायपास फॅटमधून साखर मिळत नाही. तिच्या यकृतावर आधीच चरबीचा पूर आलेला असतो, त्यात आणखी फॅट ओतू नका. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका अशा गाईला "ऊर्जा कमी पडतेय" म्हणून पावडर लिहून दिली होती. चार दिवस हातचे गेले, गाय बसली, आणि शेवटी सलाइनवर उठवावी लागली. तेव्हापासून खाद्य सोडलेल्या गाईला मी पावडर सांगतच नाही.

तुमची गाय खातेय, म्हणून वैरण बसली की दहाव्या दिवसापासून सुरू करा. पहिले दोन दिवस 50 ग्रॅम, मग 100, मग 150, आठवड्याअखेर 200. सकाळ-संध्याकाळ निम्मं निम्मं, आंबोणात नीट मिसळून. पावडरीला साबणासारखा वास येतो, एकदम घातली तर गाय तोंड फिरवते आणि चांगलं आंबोणही टाकते. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाची सर्वसाधारण शिफारस दिवसाला 100 ते 150 ग्रॅमची आहे. 26 लिटरच्या गाईला मी 200 देते, फार खचलेली असेल तर 250. त्यापुढं नेऊन फायदा झालेला मी क्वचित पाहिला, उलट गाईची भूक कमी होते. सोबत चांगलं खनिज मिश्रण 100 ते 150 ग्रॅम हवंच, कारण फॅट आतड्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बांधून नेतं.

एसएनएफ मात्र यानं वाढणार नाही. फॅटची ऊर्जा गाईला मिळते, कोटीपोटातल्या जिवाणूंना मिळत नाही. जिवाणू वाढले तर दुधातलं प्रथिन वाढतं, आणि ते वाढतात पचणाऱ्या पिष्टावर आणि प्रथिनांवर. कित्येकदा बायपास फॅट दिल्यावर दूध वाढतं आणि प्रथिनाचा टक्का किंचित खाली येतो. म्हणून भरडा पूर्ण बंद करू नका असं मी म्हणते. तुमचा 8.3 चा आकडा रवंथ सुधारला, खाणं वाढलं की सुधारेल.

पिशवी घेताना लेबल वाचा. "98 टक्के पामिटिक" (पाम तेलातलं एक फॅटी ॲसिड) असं लिहिलेली, दाण्यासारखी, कॅल्शियम नसलेली पावडरही मिळते. ती वितळायला पन्नास अंशांच्या वर तापमान लागतं, म्हणून कोटीपोटातून तशीच पुढं जाते. ती दुधाचं फॅट जास्त ओढते, आणि इथंच मेख आहे: ताज्या व्यालेल्या, खचलेल्या गाईला ती दिली तर ऊर्जा दुधाच्या फॅटमध्ये जाते आणि अंग आणखी उतरू शकतं. कॅल्शियमच्या साबणात ओलिक आम्लही असतं, ते अंग धरायला मदत करतं. म्हणून पहिले दोन महिने कॅल्शियमवाली, आणि नंतर गाय सावरलेली असून फॅटच कमी असेल तर पामिटिक. कॅल्शियमवाल्या पावडरीची एक साधी परीक्षा: चमचाभर पावडर कोमट पाण्यात ढवळून दहा मिनिटं ठेवा. वर तेलाचा तवंग आला तर साबण नीट बनलेला नाही, मोकळं तेल शिल्लक आहे. तो माल परत करा.

पैशाचा हिशोब तुमचा तुम्ही घाला, भाव रोज बदलतात. समजा पावडर 150 रुपये किलो, तर 200 ग्रॅमचे रोज 30 रुपये. दूध 35 रुपयांनी जात असेल तर रोजचं जवळपास एक लिटर जास्तीचं दूध निघालं पाहिजे, किंवा तेवढं अंगात साठलेलं दिसलं पाहिजे. 12-14 लिटर देणाऱ्या गाईला, दूध उतरणीला लागलेल्या गाभण गाईला, सहा लिटरच्या गीर किंवा देवणी गाईला हा खर्च निघत नाही. तिथं चांगला मुरघास आणि खनिज मिश्रण पुरतं. तुमच्या या गाईला साधारण शंभराव्या दिवसापर्यंत द्या. ती गाभण ठरली, अंग भरायला लागलं, की आठवड्यात कमी करत बंद करा. भाकड काळापर्यंत ओढलंत तर ती पुढच्या वेताला जाड होऊन व्यायेल, आणि जाड गाय व्याल्यावर सगळ्यात आधी किटोसिसला बळी पडते.

दुसऱ्या गाईचं. मंडळाच्या शिफारशीत व्यायच्या दहा दिवस आधीपासून सुरू करा असं आहे. मी त्या दहा दिवसांत 50 ग्रॅमपलीकडे जात नाही, तेही चवीची सवय व्हावी म्हणून. व्यायच्या आधी गाईची भूक आपोआप घटते, तिथं जास्त फॅट देऊन ती आणखी घटवायची नाही, आणि त्या काळात कॅल्शियमही वरून नको असतं. तिला शेवटच्या तीन आठवड्यांत आंबोण एक किलोवरून हळूहळू अडीच-तीन किलोवर न्या. जे गोळी पेंड-सरकी व्याल्यावर देणार तेच, म्हणजे जिवाणूंना ओळख होते. घास या दिवसांत बंद ठेवा, कडबा भरपूर द्या. व्याली, वार पडली, खायला लागली की पाचव्या-सहाव्या दिवसापासून वाढवा.

आणि पहिल्या गाईचं दूध, फॅट, एसएनएफ आज एका वहीत लिहून ठेवा, पावडर सुरू करायच्या दिवशी पुन्हा लिहा आणि त्यानंतर एकविसाव्या दिवशी पुन्हा. छातीचा घेर सुतळीनं मापून त्याच तारखांना गाठ मारून ठेवा. ते तीन आकडे आणि धुतलेल्या शेणाचा एक फोटो पाठवा, पुढचं मी सांगते.